क्लेमच्या टेबलावर बसणारा नेता

आपल्याकडे विमा ब्रोकिंगचा व्यवसाय अजून तरुण आहे. 1999 च्या कायद्याने विमाक्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, 2002 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ब्रोकरांसाठी पहिली नियमावली काढली आणि मग मुंबई-पुण्यापासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत ब्रोकिंगची ऑफिसं उभी राहिली. सुरुवातीच्या काळात ज्यांनी परवाने घेतले, त्यांतले अनेक जण आता कारभार पुढच्या माणसाकडे सोपवायच्या बेतात आहेत. हा लेख त्या पुढच्या माणसासाठी आहे. तो कंपनीचा प्रमुख असेल, शाखेचा प्रमुख असेल किंवा चार-पाच जणांच्या टीमचा म्होरक्या असेल.

बहुतेक ऑफिसांत हा माणूस एकाच निकषावर निवडला जातो: सगळ्यात जास्त प्रीमियम कोण आणतो? हा निकष मला अपुरा वाटतो, आणि कधीकधी धोक्याचाही. बिझनेस आणणं ही कला आहे, तिच्याशिवाय ऑफिसचं भाडंही निघणार नाही, हे खरंच. पण ग्राहकाने आपल्याला जे काम दिलेलं असतं ते पॉलिसी हातात पडली की संपत नाही. त्याच्या कारखान्याला आग लागते, गोदामात पाणी शिरतं, कामगार आयसीयूत असतो आणि हॉस्पिटल डिपॉझिट मागत असतं, तेव्हा ते काम खऱ्या अर्थाने सुरू होतं. म्हणून ब्रोकिंगमधला नेता ओळखायचा असेल तर मी त्याचं वार्षिक टार्गेट विचारणार नाही. गेल्या वर्षभरात मोठा क्लेम आला तेव्हा तो स्वतः कुठे होता, एवढंच विचारेन.

आपल्या धंद्यात एक गाठ आहे, ती आधी नीट समजून घ्यायला हवी. एजंट हा विमा कंपनीचा माणूस असतो. ब्रोकर ग्राहकाचा असतो; ग्राहकाच्या वतीने तो बाजारात जातो, चार कंपन्यांचे दर मागवतो, अटी तपासतो, क्लेमच्या वेळी बाजू मांडतो. पण त्याचा मेहनताना ब्रोकरेजच्या रूपाने येतो विमा कंपनीकडून. राबायचं एकासाठी आणि पैसे घ्यायचे दुसऱ्याकडून, अशी ही रचना. ती बेकायदा नाही, जगात बहुतेक ठिकाणी तशीच आहे. मात्र तिच्यात रोज एक मोह दडलेला असतो: जी कंपनी जास्त देते तिची पॉलिसी ग्राहकाला ‘उत्तम’ वाटेल अशी मांडण्याचा.

या मोहाला संस्थाच बळी पडली तर काय होतं, हे 2004 मध्ये अमेरिकेत दिसलं. न्यू यॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मार्श या जगातल्या सगळ्यात मोठ्या ब्रोकिंग कंपनीवर ऑक्टोबर 2004 मध्ये खटला भरला. आरोप असा, की काही विमा कंपन्या नेहमीच्या ब्रोकरेजशिवाय ‘आणलेल्या धंद्याच्या प्रमाणात’ आणखी रक्कम देत होत्या, धंदा त्यांच्याकडेच वळवला जात होता, आणि ग्राहकाला स्पर्धा झाली असं भासावं म्हणून दुसऱ्या कंपन्यांकडून मुद्दाम चढे दर मागवले जात होते. त्याच महिन्यात प्रमुख जेफ्री ग्रीनबर्ग यांना पायउतार व्हावं लागलं. जानेवारी 2005 मध्ये तडजोड झाली आणि ग्राहकांना परत देण्यासाठी कंपनीने 85 कोटी डॉलर बाजूला काढले. तिथे हुशार माणसांची वानवा नव्हती, जोखमीचं ज्ञानही भरपूर होतं. वरून खाली जो दबाव येत होता तो उत्पन्नाचा होता, आणि ‘हा दर खोटा आहे, मी तो ग्राहकापुढे ठेवणार नाही’ असं म्हणणाऱ्या कनिष्ठाला आधार देणारं वर कोणी नव्हतं.

आपल्याकडे हा प्रश्न आज जास्त जवळचा आहे. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवरची कमिशनची वेगवेगळी कमाल मर्यादा गेली. विमा कंपनीने एकूण व्यवस्थापन खर्चाच्या मर्यादेत राहून काय द्यायचं ते ठरवावं, अशी मोकळीक आली. म्हणजे दोन कंपन्यांच्या देण्यातला फरक आता बराच मोठा असू शकतो. ब्रोकरांच्या आचारसंहितेत म्हटलं आहे, की ग्राहकाने विचारल्यास मेहनतान्याचं प्रमाण सांगितलं पाहिजे. माझं म्हणणं असं, की विचारण्याची वाट कशाला पाहायची? कोटेशनचा तुलनात्मक तक्ता देताना प्रीमियम, डिडक्टिबल, एक्सक्लुजन यांच्या शेजारी ब्रोकरेजचा रकाना प्रमुखाने स्वतः सुरू करावा. सुरुवातीला टीम घाबरते, ग्राहक हिशेब मागेल म्हणते. मोठ्या खात्यांचे फायनान्स मॅनेजर हिशेब मागतातही. पण एकदा हा रकाना उघडा झाला की टीममधला कोणीही केवळ जास्त मिळतं म्हणून एखादी कंपनी पुढे करायला धजावत नाही, आणि तुम्हाला प्रत्येकाच्या मागे उभं राहून पाहावं लागत नाही.

याच्या उलट्या दिशेने येणारा दबावही असतो. ‘प्रीमियममधले किती परत देणार?’ हा प्रश्न आपल्या बाजारात सर्रास विचारला जातो, आणि शेजारच्या टेबलावर कोणीतरी देतही असतो. विमा कायदा 1938 च्या कलम 41 नुसार कमिशनमधला वाटा ग्राहकाला द्यायला मनाई आहे आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत आहे. प्रमुखाने इथे गुळमुळीत राहू नये. ‘बघ तू, काहीतरी ॲडजस्ट कर’ असं त्याने एकदा म्हटलं, की त्या दिवसापासून त्याच्या ऑफिसात नियम या गोष्टीला किंमत उरत नाही. खातं गेलं तर जाऊ द्यावं, आणि ते प्रमुखाच्या निर्णयाने गेलं हे सगळ्यांना सांगावं, म्हणजे ज्याचं टार्गेट त्यामुळे बुडालं त्याच्यावर खापर फुटत नाही.

आता क्लेमकडे येतो. क्लेम नाकारला जातो किंवा कापला जातो, तेव्हा त्याचं मूळ बहुतेक वेळा पॉलिसी घेतली त्या दिवसात असतं. एक साधं उदाहरण घ्या. भिवंडीत एका व्यापाऱ्याचं कापडाचं गोदाम आहे. माल खरोखर दोन कोटींचा, पण पॉलिसी जुन्याच आकड्यावर चालत आली आहे, एक कोटी वीस लाखांची. आगीत पन्नास लाखांचं नुकसान झालं. व्यापाऱ्याला वाटतं, पॉलिसी एक कोटी वीस लाखांची, नुकसान पन्नास, म्हणजे पन्नास मिळणार. सर्व्हेअर ॲव्हरेजचं कलम लावतो: विमा प्रत्यक्ष किमतीच्या साठ टक्के, म्हणून भरपाई नुकसानीच्या साठ टक्के. हातात तीस लाख, तेही डिडक्टिबल वजा करण्याआधी. एप्रिल 2021 पासून लहान उद्योगांसाठी ज्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि भारत लघु उद्यम सुरक्षा या पॉलिसी आल्या, त्यांत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. इथली तूट चाळीस टक्क्यांची आहे, ती माफी इथे कामाची नाही.

वीस लाखांचं हे भगदाड कोणी पाडलं? आगीने नाही, सर्व्हेअरनेही नाही. रिन्युअलच्या वेळी ब्रोकरच्या ऑफिसातून ‘गेल्या वर्षीप्रमाणेच करू ना?’ असा जो एक फोन गेला, त्याने ते पाडलं. ग्राहकाच्या व्यवसायाची तपशीलवार माहिती घेणं हे ब्रोकरचं नियमावलीत लिहिलेलं काम आहे. पण मार्च अखेरीस दोनशे रिन्युअल एकदम अंगावर आली की तो फोन तसाच जातो, आणि तो करणाऱ्या पोराला दोष देण्यात अर्थ नसतो. रिन्युअलचं काम मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी सुरू करायचं, आणि एका ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक खात्याला त्या काळात प्रत्यक्ष भेट द्यायची, हा शिस्तीचा भाग आहे आणि तो वरूनच यावा लागतो. भेटीत विचारायच्या गोष्टी फार नसतात. नवीन मशीन आलं का, शेड वाढवली का, बाजूच्या गाळ्यात काय सुरू झालं, दिवाळीआधी माल किती चढतो, बँकेने कर्जाच्या कागदात काय किंमत धरली आहे. मिळालेली उत्तरं ईमेलने ग्राहकाला परत लिहून पाठवायची. ग्राहकाने कमी रकमेचाच विमा घ्यायचं ठरवलं, तर त्याचा परिणाम आकड्यांत दाखवून त्याची लेखी संमती घ्यायची.

दर स्वस्त करण्याच्या नादात काय सोडलं जातं, हेही प्रमुखाच्या नजरेत असायला हवं. 2007 च्या जानेवारीत आगीच्या आणि इंजिनिअरिंगच्या विम्याचे ठरीव दर गेले आणि सवलतींची चढाओढ सुरू झाली. स्टँडर्ड फायर पॉलिसीत वादळ-पुराचं संरक्षण सुरुवातीलाच वगळून प्रीमियम थोडा कमी करून घेण्याची सोय होती. ‘आमच्याकडे कुठे पूर येतो’ म्हणून तो वगळणारे ग्राहक होते, आणि त्यांना न अडवणारे ब्रोकरही होते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. महाराष्ट्रात बसून पुराला अपवाद मानण्याची चैन कोणत्याही ब्रोकरला परवडणारी नाही, आणि ग्राहक हट्टाला पेटला तर त्याच्यासमोर बसून त्याला थांबवायला प्रमुखाने स्वतः जावं. आपलं वय आणि पद अशाच कामाला येतं.

नुकसान झाल्यावरचे पहिले चोवीस तास फार महत्त्वाचे. ग्राहक गोंधळलेला असतो. तो गोदाम धुऊन काढतो, भिजलेला माल भंगारात टाकतो, गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारून इंजिन घालवून बसतो, आणि मग क्लेमचा पुरावा शोधत फिरतो. त्या वेळी त्याला ऑफिसातल्या कोणाचातरी नंबर लागला पाहिजे आणि पलीकडच्या माणसाला काय सांगायचं ते पाठ असलं पाहिजे: कंपनीला लगेच लेखी कळवा, फोटो आणि व्हिडिओ काढा, सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवू नका, पण वाचण्यासारखा माल वाचवा, अग्निशमन दलाचा अहवाल, पंचनामा, स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं एका जागी करा. हा कागद मराठीत छापून पावसाळ्याआधी प्रत्येक ग्राहकाच्या भिंतीवर लागलेला असावा. आणि रात्री अकरा वाजता उचलायचा तो फोन आळीपाळीने सगळ्यांकडे असावा. त्या पाळीत प्रमुखाचंही नाव असावं. हे मी आग्रहाने सांगतो, कारण साहेब स्वतः पाळी करतात हे दिसल्यावर कोणाला क्लेमचं काम हलकं वाटत नाही.

ग्राहकाची बाजू घ्यायची म्हणजे त्याचं सगळं खरं मानायचं, असा मात्र अर्थ नाही. फुगवलेला क्लेम समोर आला तर तो विमा कंपनीकडे जाण्याआधी आपल्याच टेबलावर थांबला पाहिजे. अंडररायटर आणि सर्व्हेअर यांच्याकडे ब्रोकरची पत असते. ‘यांच्याकडून आलेला कागद म्हणजे तपासलेला कागद’ अशी ती पत असेल, तर खरा क्लेम अडकला की तुमच्या शब्दाला वजन येतं. प्रपोजल फॉर्मचंही तसंच. मागचे क्लेम, जुना आजार, गोदामातली रसायनं लपवून दर मिळवलेला ग्राहक पुढे क्लेमच्या वेळी उघडा पडतो. माहिती दिली तर प्रीमियम वाढेल हे ग्राहकाला आवडत नाही, तरी ते त्याला आधीच सांगायची हिंमत टीममध्ये यायला हवी, आणि ती प्रमुखाला पाहूनच येते.

कंपनीने चुकीच्या कारणाने क्लेम नाकारला तर मात्र सोडायचं नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी जायचं. महिनाभरात दाद मिळाली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला लोकपालांची कार्यालयं आहेत, तिथे फी लागत नाही, आणि व्यक्तींबरोबरच सूक्ष्म उद्योगांनाही तिथे जाता येतं. तक्रार ग्राहकानेच करायची असते. आपलं काम त्याची फाइल तारीखवार लावून देण्याचं. आणि हेही लक्षात असू द्या, की 2021 च्या दुरुस्तीनंतर ब्रोकरच्या सेवेतल्या त्रुटींबद्दलही ग्राहक लोकपालाकडे जाऊ शकतो.

माणसांबद्दल थोडं. ऑफिसात इन्सेंटिव्ह फक्त नव्या प्रीमियमवर दिला जात असेल, तर क्लेमच्या टेबलावर कोण बसेल? ज्याला दुसरं काही जमत नाही तो, किंवा नवखा. हे उलटं करावं लागेल. नव्या मुलाला पहिले सहा महिने क्लेममध्येच बसवा. सर्व्हेअरबरोबर जळक्या शेडमध्ये फिरलेला मुलगा पुढे पॉलिसी विकायला जातो तेव्हा ग्राहकाला कोणते प्रश्न विचारायचे हे त्याला शिकवावं लागत नाही. क्लेम पाहणाऱ्या अनुभवी माणसाचा पगार आणि मान बिझनेस आणणाऱ्याच्या बरोबरीने ठेवा. अभ्यासासाठी पैसे आणि सुट्टी द्या: मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा आहेत, पुण्यात बालेवाडीला नॅशनल इन्शुरन्स ॲकॅडमी आहे. आपल्या राज्यात या दोन्ही संस्था असताना आपल्या ऑफिसातल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीवर ग्राहकाला सल्ला द्यावा, हे मला खरोखर खुपतं.

ग्रुप मेडिक्लेमची खाती असलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिथे आपला करार एचआरशी असतो, पण ज्याला कॅशलेस लागणार असतं तो चाकणच्या किंवा वाळूजच्या प्लांटमधला कामगार असतो. त्याच्या हातात इंग्रजी ई-कार्ड असतं आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. बायकोच्या ऑपरेशनसाठी तो दहा हजारांची खोली घेतो. प्रमाणात कपातीची अट असलेल्या पॉलिसीत मग खोलीच्या भाड्याबरोबर डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च असे जोडखर्चही निम्मे होतात, आणि तो कर्ज काढतो. वर्षातून दोनदा, पाळी सुटायच्या वेळी, प्लांटमध्ये जाऊन मराठीत अर्धा तास बोलायला फार खर्च येत नाही. काय मिळतं त्यापेक्षा काय मिळत नाही ते आधी सांगा. हिंदी आणि उडिया बोलणारे कामगार असतील तर त्यांच्यातलाच एक दुभाष्या उभा करा. त्या अर्ध्या तासाला प्रमुख गेला, तर रिन्युअलला एचआरशी खोलीभाड्याची मर्यादा वाढवण्याबद्दल तो जे बोलेल त्यात कळकळ येईल.

शेवटी तुमच्या स्वतःच्या गैरहजेरीचा प्रश्न. अनेक ऑफिसांत सगळी नाती एका माणसाच्या मोबाइलमध्ये असतात. अंडररायटरला फोन तोच करतो, मोठ्या खात्याच्या अटी त्याच्याच डोक्यात असतात. तो आठ दिवस आजारी पडला की ग्राहक पोरका होतो. प्रत्येक मोठ्या खात्यावर दुसरा माणूस आजच नेमा, त्याला भेटीला बरोबर न्या, आणि ग्राहकासमोर त्याला बोलू द्या. तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट फाइलवर आणा. प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे कलम 64 व्हीबी सांगतं. ‘साहेबांचं बोलणं झालंय’ या भरवशावर एक दिवसही ग्राहक उघडा राहता कामा नये.

एवढं सगळं एकदम होणार नाही. सुरुवात म्हणून या आठवड्यात एक काम करा. गेल्या वर्षी तुमच्या ऑफिसातून गेलेले आणि नाकारले किंवा कापले गेलेले सगळे क्लेम काढा, दार लावून टीमबरोबर बसा आणि प्रत्येकावर एकच गोष्ट लिहा: ही चूक कंपनीची, ग्राहकाची की आपली? ‘आपली’ म्हणून जे कागद बाजूला निघतील, त्यांतली चूक आज चालू असलेल्या आणखी कोणत्या पॉलिसींत आहे ते शोधा. त्या ग्राहकांना फोन करा, आणि तो तुम्ही स्वतः करा.